मुका ‘ड’

पन्नाशीत तुरिड विद्यापीठात आली ती चरफडतच. फ्योर्डच्या खाडीकाठचं तिचं वर्तमानपत्र मालकांनी एका सकाळी बंद केलं, आणि आता त्या बंद पडण्यावरच ती प्रबंध लिहीत होती. त्यातलं सगळ्यात जळजळीत प्रकरण गुडमुंड ट्वेटच्या मुलाखतीचं. तो तिथला छायाचित्रकार. मालकांनी त्याला घरी बसवलं, पण त्याचे फोटो आपल्या दुसऱ्या वर्तमानपत्रांत अजून वापरत होते, खाली नुसतं ‘संग्रहातून’ छापून.

छापण्याआधी माणसाला त्याचं बोलणं वाचून दाखवायचं, ही तिची बातमीदारीतली सवय. ती त्याच्या घरी गेली तेव्हा तो पावासाठी तपकिरी चीज कापत होता.

“‘माहितीदार चार म्हणतो...’” तिने सुरुवात केली.

“हा कोण बाबा?”

“तू.”

त्याने सुरी खाली ठेवली. “आणि मालकांना काय म्हटलंयस?”

“संस्था क.”

“वा! चोरांनाही बुरखा! त्यांनी फोटोखालचं माझं नाव पुसलं, तू बोलण्यातलं पुस. नाव घालणार असशील तर घाल, नाहीतर माझा एक शब्द वापरू नकोस.”

दुसऱ्या दिवशी तिने मार्गदर्शक हेल्गेला गाठलं. “त्याला स्वतःलाच नाव हवंय.”

“नावं झाकायचा नियम सगळ्यांना सारखा,” कॉफीचा घोट घेत हेल्गे म्हणाला. “संशोधनात माणूस महत्त्वाचा नसतो, तुरिड. आकृतिबंध महत्त्वाचा.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आकृतिबंधाला नोकरीवरून काढत नाहीत रे! माणसाला काढतात!”

दार आपटून ती निघाली. प्रबंधातून ते प्रकरण उपटलं, एका बैठकीत बातमीसारखं लिहिलं आणि शेजारच्या गावच्या वर्तमानपत्राला पाठवून दिलं. मालकांचं नाव, गुडमुंडचं नाव, सगळं उघड. प्रबंध लंगडा झाला तर झाला, खड्ड्यात गेला तो हेल्गे.

शनिवारी छापून आल्याबरोबर गुडमुंडचा फोन आला.

“वाचलंस?” तिने उत्साहाने विचारलं.

“वाचलं. मालकांचं नाव अगदी बिनचूक आहे.”

“मग?”

“माझ्या आडनावात एक मुका ‘ड’ आहे, तुरिड. शेवटच्या ‘ट’च्या आधी. विसरलीस.”

तिने अंक पुढे ओढला. ‘ड’ नव्हता. कितीतरी वर्षं हेच नाव तिने फोटोंखाली डोळे झाकून बरोबर लिहिलं होतं, आणि गेली दोन वर्षं नुसतं ‘माहितीदार चार’. लेख पाठवण्याआधी त्याला वाचून दाखवायचंही रागाच्या भरात राहून गेलं होतं. पण वाचून दाखवलं असतं तरी काय? तो ‘ड’ ऐकू येत नाही. तो लिहिणाऱ्याला ठाऊक असावा लागतो.