बारा जूनची चाचणी

मी तापट आहे, हे तंजावूरच्या आमच्या राजवाड्यामागच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. राघवेंद्र अण्णाला जरा जास्तच, कारण तो माझा आत्तेभाऊ आणि ऑफिसात माझा साहेब. नोकरी त्यानेच लावली, आणि ते तो विसरू देत नाही.

आमची छोटी कंपनी कावेरीच्या कालव्यांच्या नोंदी सांभाळते. कुठल्या दारातून किती पाणी गेलं, किती वाजता. नव्या रचनेत नोंदी तीन सर्व्हरवर वाटलेल्या असतात. ताज्या वेगवान डिस्कवर राहतात आणि नव्वद दिवस कुणी हात लावला नाही, तर आपोआप स्वस्त, संथ साठ्यात जातात. नव्वदचा आकडा अण्णाचा. तो चालतो का, हे तपासून सही करायचं काम माझं.

कागदावर आकडा झकास होता. पण जानेवारीअखेर कालवे बंद होतात आणि जूनपर्यंत त्या नोंदींकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मग बारा जूनला मेट्टूरचं धरण उघडतं, आणि पापनाशमपासून समुद्रापर्यंतचे सगळे इंजिनिअर एकाच सकाळी मागच्या जूनच्या नोंदी मागतात. पाणी कुठे किती तासांत पोचलं, हे पाहूनच दारं उघडायची असतात. उशीर झाला तर वरची गावं पाणी ओढून घेतात आणि शेवटची कोरडी राहतात. इथे जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागतं, याचीच मला चीड आली.

मी चाचणीच्या सर्व्हरचं घड्याळ बारा जूनवर नेलं आणि दोनशे जणांच्या मागण्या एकदम सोडल्या. एकेका नोंदीला चार मिनिटं लागली, आणि प्रत्येक इंजिनिअरला अशा शेकडो नोंदी लागतात. एक सर्व्हर मुद्दाम बंद केला, तर उत्तरच नाही.

"मागच्या जूनच्या नोंदी मे महिन्यातच वेगवान डिस्कवर परत आणू," मी म्हणाले.

"डिस्क काय तुझा बाप देणार?" अण्णा म्हणाला. "यादीत ही चाचणी नाही. सही कर."

माझा बाप काढला. मी सही केली नाही.

गुरुवारी पाणी खात्याच्या इंजिनिअर धनलक्ष्मी मॅडम ही नवी रचना पसंत करायला आल्या. अण्णाने कालच्या नोंदी मागून दाखवल्या, त्या चुटकीसरशी आल्या. मग त्याने सगळ्यांदेखत चाचणीचा अहवाल माझ्यापुढे सरकवला, वर पेन ठेवून.

"मॅडम," मी तमिळमध्ये म्हणाले, "दोनशे जण एकदम मागतायत असं मी करते. आता मागचा बारा जून बघा."

पडद्यावर चक्र फिरतच राहिलं.

आम्हा तंजावूरच्या मराठी लोकांची एक खोड आहे. परक्यांसमोर काही लपवायचं असलं की आम्ही तमिळ सोडून मराठीत बोलतो. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांदेखत. समोरच्याला कळत नाही आणि आपला मान राहतो.

अण्णा हसत हसतच मराठीत म्हणाला, "गप बैस गे, विनुता. सही कर. घरांतली गोष्ट घरांत. नाहीतर उद्यांपासून येऊं नको."

मॅडम सभ्यपणे छताकडे बघत होत्या. या गावात अशी दुसरी नोकरी मला मिळणार नव्हती. पण आईने मला शिकवलेली भाषा असल्या कामाला वापरलेली मला सहन होईना.

मी तमिळमध्ये, खोलीभर ऐकू जाईल असं बोलले. "ते म्हणतायत, सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. मी सही करणार नाही, मॅडम. हे असंच बसवलं तर बारा जूनला शेवटच्या गावांना पाणी मिळणार नाही."

अण्णाचं हसू गेलं. मॅडमनी अहवाल ओढून घेतला. "मग यावर काय लिहायचं?"

"मी लिहिते." मी पेन उचललं, मोठ्या अक्षरांत 'फेल' लिहिलं आणि खाली पूर्ण नावाने सही ठोकली.

अण्णा दात आवळून मराठीत काहीतरी पुटपुटला. मॅडम माझ्याकडे वळल्या.

"आता काय म्हणाले?"

मी तेही सांगितलं.