आकाशातला नांगर

आमच्या बोलिव्हियाला समुद्र नाही. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लढाईत चिलीने तो घेतला. आरमार मात्र आहे, तितिकाका सरोवरात. माझे बाबा, कॅप्टन निकानोर किस्बेर्त, त्याच आरमारातून निवृत्त झाले. जन्मात समुद्र पाहिला नाही त्यांनी. म्हणूनच ला पासमधल्या आमच्या रेडिओने अंतराळयुद्धाच्या श्रुतिकेला सल्लागार म्हणून त्यांना बोलावलं. न पाहिलेल्या गोष्टीवर बोलायला अनुभवी माणूस नको?

लेखक होता एद्गार लोआइसा. त्याने जुन्या सागरी लढायांची पुस्तकं उघडली आणि त्यातली जहाजं उचलून थेट आकाशात सोडली. एका रांगेत उभी यानं, डाव्या अंगाच्या तोफा, धूर आणि वर फडफडणारी निशाणं!

"अरे, तिथे वारा नसतो," मी म्हटलं. नाटकातले आवाज मी काढते, त्यामुळे निशाणासाठी चादर मलाच झटकावी लागते.

"ओर्तेन्सिया, तू चादर झटक," एद्गार म्हणाला.

बाबा त्याच्यावरही कडी करणारे. "नांगर टाकायचा राहिलाय."

"कुठे टाकू, कॅप्टनसाहेब? खाली काहीच नाही."

"म्हणून काय शिस्त सोडायची?"

टाकला बाई नांगर. साखळी मीच खळखळवली.

सरसेनापतीचा आवाजही बाबांचाच. शेवटच्या भागावरून मात्र दोघांची चांगलीच जुंपली. आपलं आरमार एका परग्रहावरच्या समुद्रासाठी लढत होतं आणि एद्गारने शेवटी ते बुडवलं. अंतराळात बुडवलं, धन्य आहे त्याची!

"इतिहासात आपण हरलोच होतो," तो म्हणाला.

"इतिहासात लेसर होते काय रे, शहाण्या? ऐंशीचा झालो मी. निदान खोटा खोटा तरी समुद्र मिळू दे की मला!"

"शरणागती लिहिली आहे. तेवढी वाचा."

कार्यक्रम थेट प्रसारित होत होता. शरणागतीचं वाक्य आलं तसा बाबांनी कागद उलटा ठेवला आणि ते गरजले, "पुढे चला! जहाजाचं नाक घाला शत्रूच्या पोटात!"

एद्गारने कपाळाला हात लावला. मी पत्र्यावर असा हातोडा हाणला, की शत्रू एका दणक्यात गारद.

जिंकलो एकदाचे! सरसेनापती किनाऱ्यावर उतरले. "सैनिकांनो," बाबा म्हणाले, "समोर समुद्र आहे. तो... तो..."

सांगणार काय, कपाळ? एद्गार पुस्तकाची पानं उलटायला लागला. मी परातीत राजगिऱ्यासारखे बारीक किन्वाचे दाणे ओतले आणि परात हळूहळू कलती करायला लागले, एकदा इकडे, एकदा तिकडे.

बाबांनी माईकवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. "असाच वाजतो का गं?"

"अगदी असाच, बाबा," मी ठोकून दिलं. मी तरी कुठे ऐकलाय!

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मग थांबू नकोस," ते म्हणाले.