कंसातला हशा

वकीलबाईंनी जाडजूड पुस्तकातून खुणेची चिठ्ठी काढून वाचायला सुरुवात केली, तेव्हा म्हातारे वकील आपल्या पेनचं टोपण शोधत होते. टोपण त्यांच्याच डाव्या मुठीत होतं.

"'अध्यक्ष महाराज, कुटुंब म्हणजे रक्ताचे नाते. याहून वेगळी व्याख्या करण्याची मला गरज वाटत नाही.'" बाईंनी ओळीवरचं बोट तसंच ठेवून वर पाहिलं. "साहेब, हा विधानसभेच्या कामकाजाचा वृत्तांत आहे. बाजार गाळे विधेयक, तीस वर्षांपूर्वीचं. आणि हे बोलणारे सदस्य म्हणजे विधेयक मांडणारे आमदार."

"कोण आमदार?" न्यायाधीशांनी विचारलं.

वकीलबाई क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनी हात समोरच्या टेबलाकडे केला.

"हेच, साहेब. समोरच्या बाजूचे वकील."

कोर्टात खसखस पिकली. मागच्या बाकावर पेंगत बसणारे आणि त्यापायी गावभर 'डुलकी वकील' म्हणून ओळखले जाणारे गृहस्थसुद्धा डोळे चोळत सरसावून बसले.

खटला तसा चिमूटभर. बाजारातल्या सात नंबरच्या गाळ्यात एक घड्याळजी पन्नास वर्षं बसला. त्यातली शेवटची सव्वीस वर्षं त्याच्या शेजारच्या स्टुलावर एक बाई बसत आली. आधी पट्टे बदलायची, मग सेल घालायची, आणि घड्याळजीचे हात कापायला लागल्यावर तो नुसता बघत राहायचा नि ती सगळंच करायची. लोक तिला घड्याळवाली म्हणू लागले. घड्याळजीची बायको आधीच गेलेली, मूलबाळ नव्हतं. तो गेला आणि पंधरा दिवसांत शहरातून पुतण्या उगवला. कायदा म्हणत होता, गाळेधारकाच्या मृत्यूनंतर परवाना त्याच्या कुटुंबातील व्यक्तीकडे जाईल. कुटुंब म्हणजे कोण, हे मात्र कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. घड्याळवालीच्या बाजूने म्हातारे वकील त्याच फटीत बोट घालून गेले तीन महिने उभे होते. आज त्यांच्याच जिभेने ती फट बुजवली.

"उत्तर जेवणाच्या सुट्टीनंतर द्या," न्यायाधीश म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात घड्याळवालीने त्यांना गाठलं. त्यांना वाटलं होतं तसं तिने काही विचारलं नाही.

"साहेब, आतलं भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे. शिपायाला सांगून स्टूल मिळेल का? सकाळपासून मला बघवत नाहीये."

"मिळेल," ते म्हणाले. एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं.

त्यांची कचेरी कोर्टासमोरच, रस्ता ओलांडून. या रस्त्यावरून ते चार वेळा निवडून येऊन गेले होते आणि पाचव्यांदा पडूनही याच रस्त्यावरून गेले होते. पडल्याच्या दुसऱ्या दिवशी साडेदहाला ते काळा कोट घालून कोर्टात हजर. लोकांनी विचारलं, साहेब, आज तरी घरी राहायचं. ते म्हणाले, "आमदारकी लोकांनी दिली, लोकांनी घेतली. तारीख कोर्टाने दिली आहे." गाव या माणसावर जीव टाकायचं ते अशा बोलण्यावर. प्रचाराच्या प्रत्येक भिंतीवर त्यांच्या फोटोखाली एकच ओळ असायची: शब्द फिरवणार नाही. देवाने गळाही असा दिला होता की साधा अर्ज मोठ्याने वाचला तरी तो गायल्यासारखा वाटायचा. मजकूर सांगताना ते असे रंगात आले की टंकलेखन यंत्रामागून ताईंचा आवाज यायचा, "सूर राहू द्या. स्वल्पविराम कुठे ते सांगा."

ताई एकोणिसाव्या वर्षी त्यांच्या वडिलांच्या कचेरीत टंकलेखिका म्हणून आल्या. आता त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. यंत्र जाऊन संगणक आला, वडील गेले, ते स्वतः आमदार झाले, माजी आमदार झाले. ताई त्याच खुर्चीत. सगळं गाव त्यांना ताई म्हणायचं, म्हणून तेही म्हणायचे. घरी बायको म्हणायची, "तुमची सही त्यांना माहीत आणि तुमचं पथ्य मला. तुम्हाला स्वतःला काय माहीत, ते देव जाणे."

"चेहरा का पडलाय?" ताईंनी मान वर न करता विचारलं.

"माझंच भाषण माझ्या अंगावर आलं."

"कुठलं?"

"गाळ्यांचं. 'कुटुंब म्हणजे रक्ताचे नाते.' छापील आहे, ताई. मी तसं बोललो नव्हतो, पण छापील तेवढंच आहे."

ताईंची बोटं थांबली. त्या उठल्या, खालचा खण ओढला, त्यातून एक चपटा पत्र्याचा डबा काढला आणि पाठ वळवून त्यात काहीतरी शोधू लागल्या. वळल्या तेव्हा हातात चार घड्यांचा, पिवळा पडलेला कागद होता. टेबलावर पसरला, तर मजकुराच्या मधोमध लाल पेन्सिलीची एक जाड रेघ.

ती रेघ त्यांनी ताबडतोब ओळखली.

तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते, पहिलीच खेप. सभागृहात कोणी काय बोललं ते प्रतिवेदक लिहून घ्यायचा आणि मजकूर ज्याच्या त्याच्याकडे भाषेच्या चुका सुधारायला यायचा. त्या मजकुरात रक्ताच्या नात्यानंतर आणखी एक वाक्य होतं: 'आणि त्याच्याही आधी, जो सकाळी कुलूप उघडतो आणि संध्याकाळी लावतो, तो कुटुंबातला.' त्यावर समोरच्या बाकावरचा एक मुरलेला सदस्य उठून म्हणाला होता, "आमच्या घरचा गडीही रोज कुलूप लावतो. त्याला जावई करून घेऊ का?" सभागृह गडगडलं. प्रतिवेदकाने इमानेइतबारे कंसात लिहिलं, (हशा). पुढे महिनाभर उपाहारगृहात त्यांच्या पाठीमागून हाक यायची, "काय कुलूपवाले, चहा?"

मारणाऱ्यापुढे छाती काढणारा माणूस हसणाऱ्यापुढे मान घालतो. त्यांनी लाल पेन्सिल घेतली. आपलं वाक्य, त्या सदस्याचं वाक्य आणि कंसातला हशा, एकाच रेघेत. मग कागद ताईंपुढे टाकला आणि म्हणाले होते, "स्वच्छ प्रत करून पाठवा."

"तुम्ही हा फेकला नाहीत?"

"फेका म्हणाला नव्हतात. प्रत पाठवा म्हणालात, पाठवली."

त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला. "सही नाही, शिक्का नाही. कोर्ट याला विचारणार नाही."

"कागदाला नाही विचारणार. माणसाला विचारेल की."

ते खुर्चीत बसले. ताई काय म्हणताहेत ते कळायला चाळीस वर्षांची वकिली लागत नव्हती.

"म्हणजे मी पिंजऱ्यात उभा राहू? शपथेवर सांगू, की शब्द फिरवणार नाही म्हणून मतं मागणाऱ्याने लोक हसले म्हणून शब्द खोडला? आणि उलटतपासणीला ही समोर. अकरा वर्षं या टेबलाशी माझ्या हाताखाली होती. ती सोडेल मला?"

"सोडलं तर तुमचीच नाचक्की. शिकवलंत तुम्ही," ताई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, खिडकीतून बाहेर बघत, "ती घड्याळवाली तीन महिने उभी आहे हो. रोज येते. एकदा तरी बसलेली दिसली का तुम्हाला?"

त्यांनी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

दुपारी न्यायाधीश आसनावर आले आणि आपल्या मनगटाकडे आणि भिंतीकडे आळीपाळीने पाहू लागले. "आज हे घड्याळ बरोबर कसं?"

शिपायाने खाली मान घालून घड्याळवालीकडे बोट दाखवलं.

म्हातारे वकील उभे राहिले. "साहेब, परवानगी असेल तर एक साक्षीदार द्यायचा आहे."

"आता? कोण?"

"मी."

वकीलबाईंनी झटकन वर पाहिलं.

"साक्ष द्यायची तर या कामातलं वकीलपत्र सोडावं लागेल," न्यायाधीश म्हणाले. "शिवाय तुमच्या मनात काय होतं यावरून मी कायद्याचा अर्थ लावेनच असं नाही. हे तुम्हाला मी सांगायला नको."

"नको, साहेब. पण माझं बोलणं पुरावा म्हणून इथे आलंच आहे, तर ते अर्धंच आलंय, एवढं तरी नोंदीवर यावं."

त्यांनी काळा झगा उतरवला, घडी केली आणि डुलकी वकिलांच्या मांडीवर ठेवला.

"कागद तयार आहेत. तुम्ही फक्त माझ्या जागी उभे राहा."

"झोप लागली तर?"

"उभ्याने झोपा. पण उभे राहा."

पिंजऱ्याची लाकडी कड हाताला गुळगुळीत लागली. इतक्या वर्षांत किती लोकांना त्यांनी इथे उभं केलं होतं, पण ती कड तळव्याला कशी लागते ते आज कळलं. देवाशपथ खरं सांगेन, हे नेहमी दुसऱ्याकडून ऐकलेले शब्द त्यांनी स्वतः उच्चारले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात सूर लागला नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी पिवळा कागद उजेडात धरून पाहिला, एक नक्कल दाखल करायला सांगितली आणि कागद परत दिला.

वकीलबाई उलटतपासणीला उठल्या.

"हे वाक्य तुम्ही स्वतःच्या हाताने खोडलं?"

"हो."

"का?"

"लाज वाटली."

"वाक्याची?"

"हसण्याची. वाक्य खरं होतं."

पहिल्या बाकावरचा पुतण्या फिस्सकन हसला. लघुलेखकाची बोटं अडली. त्याने गोंधळून न्यायाधीशांकडे पाहिलं.

"लिहून घ्या हवं तर," पिंजऱ्यातून आवाज आला. "कंसात लिहितात ते."

वकीलबाई हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या कागदांवरून नजर फिरवली आणि कागद टेबलावर पालथे घातले. "तीस वर्षांनी अशिलाच्या सोयीचं वाक्य तुम्हाला आठवलं, असं मी म्हटलं तर?"

"तसं म्हणणं तुमचं काम आहे. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून आलेलंच नव्हतं. मी नवा आमदार, सदा राजधानीत. वडील अंथरुणाला खिळलेले. दोन वर्षं त्यांची कचेरी एक व्यक्ती रोज नऊला उघडायची आणि सातला लावायची. आलेल्याला सांगायची, बसा, वकील येतील. वकील येणार नव्हते, हे तिला माहीत होतं. घरातले आम्ही सगळे नंतर पोचलो. ते बघून मी बोललो."

पुढचा प्रश्न यायला वेळ लागला. इथे थांबलं तर पुतण्याचं फारसं बिघडणार नाही, हे त्यांना दिसत होतं. तिलाही दिसत असणार. एवढं तर त्यांनी तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

"त्या व्यक्तीचं तुमच्याशी नातं काय?" वकीलबाईंनी विचारलं.

त्यांनी दाराकडे पाहिलं. ताई उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून उभ्या होत्या. कचेरी टाकून त्या कधी कोर्टात येत नसत. पर्स छातीशी धरलेली.

"ताई," ते म्हणाले.

"सख्ख्या?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कुटुंबातल्या, साहेब. तसंच लिहा."

"मला आणखी काही विचारायचं नाही," वकीलबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

रिवाजाप्रमाणे साक्ष वाचून दाखवली गेली. लघुलेखकाने एका सुरात, अडखळत, सगळं वाचलं. लाजेचं वाचलं, कुलपाचं वाचलं, शेवटचा शब्द वाचला. "काही दुरुस्ती?" त्याने पेन पुढे केलं.

"नाही," म्हातारे वकील म्हणाले आणि सही केली.

डुलकी वकील पाच मिनिटं बोलले, आणि बरे बोलले. न्यायाधीशांनी निकाल मंगळवारवर ठेवला. "तोवर गाळ्याची किल्ली आज जिच्याकडे आहे तिच्याकडेच राहील," उठता उठता ते म्हणाले. घड्याळवालीने पदराच्या टोकाची गाठ एकदा चाचपली आणि बाजाराच्या दिशेने निघाली. गिऱ्हाइकं ताटकळली असतील, असं तिच्या पावलांवरून वाटत होतं.

संध्याकाळी कचेरीत दोघंच होती. सकाळचा जेवणाचा डबा त्यांनी आता कुठे उघडला होता. ताई नेहमीसारख्या टंकत होत्या.

"तो कागद," शेवटी त्यांनी विचारलं, "कुठल्या फायलीत होता?"

"फायलीत नव्हता."

ताईंनी पत्र्याचा डबा पुढे ओढला. झाकण उघडं असताना त्यांना आत दिसलं: ताईंच्या आईचा एक कोपरे झिजलेला फोटो, शाळेचा दाखला, चष्म्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. ताईंनी पिवळा कागद आधीच्याच घड्यांवर दुमडला आणि फोटोखाली सरकवला.

"आता फायलीला लागेल ना तो?"

"झेरॉक्स लावलीय," ताई म्हणाल्या आणि झाकण दाबून बसवलं.

सात वाजले. ताईंनी संगणक बंद केला, खिडक्या लावल्या, पर्स घेतली, आणि आज पत्र्याचा डबाही. ते आधीच दाराबाहेर जाऊन उभे होते, हात पुढे करून.

"द्या. आज मी लावतो."

ताईंनी किल्ली दिली. त्यांनी ती घातली, फिरवली, परत फिरवली, काढून पाहिली, फुंकर मारून पुन्हा घातली. कुलूप हलेना.

"थोडं वर उचलून फिरवायचं असतं," ताई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तुमच्या वडिलांच्या वेळेपासून."

ते बाजूला झाले. ताईंनी पर्स आणि पत्र्याचा डबा त्यांच्या हातात दिला, दोन्ही हातांनी कुलूप उचललं आणि किल्ली फिरवली. डबा हलका होता. तरी त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता.