विसावी पिशवी

"मामा, जरा जपून. पिशवी फाटली तर वीस वर्षांची मेहनत पाण्यात," मॅडम म्हणाल्या.

मॅडमचं वय सव्वीस. ही पिशवी जमिनीत गेली तेव्हा त्यांचे दुधाचे दात पडत होते. लॉनमामा इथला जुना माळी. त्याने खुरपं बाजूला ठेवलं आणि हातानेच माती सारायला घेतली.

हे संशोधन केंद्र गवताचं होतं. खेळाच्या मैदानांवर कोणतं गवत टिकतं ते इथे बघायचे. जुन्या साहेबांनी एक प्रश्न मनावर घेतला होता: हिरवळीखालच्या मातीत तणाचं बी किती वर्षं जिवंत राहतं? म्हणून त्यांनी नायलॉनच्या वीस पिशव्यांत घोळीच्या तणाचं शंभर-शंभर बी भरलं आणि गवताखाली वीतभर खोल पुरलं. दरवर्षी एक पिशवी काढायची, बी ओल्या कागदावर पसरायचं आणि दहा दिवसांनी कोंब मोजायचे. साहेब निवृत्त झाले, त्यांच्यानंतर तिघे आले आणि गेले, आता या मॅडम होत्या. खणायला मात्र लॉनमामाच होता.

पिशव्या त्याच्या बायकोने शिवल्या होत्या. ती धान्याच्या गोदामात पोत्यांची तोंडं शिवायची. या टीचभर पिशव्यांनाही तिने तोच साखळीचा टाका घातला होता. बरोबर टोक धरून ओढलं की सगळा दोरा एका दमात सुटतो, आणि चुकीचं धरलं तर बसा बोंबलत. दरवर्षी ती स्वयंपाकघरातून विचारायची, "किती उगवल्या?" तो दारातून आकडा सांगायचा. मग दुसरा प्रश्न ठरलेला. "आणि पिशवी कापलीत ना? सांगून सांगून जिभेला हाड नाही राहिलं माझ्या."

"जिभेला हाड असतं कधी?" तो म्हणायचा. पिशवी त्याने ब्लेडनेच कापलेली असायची. एकोणीस वर्षं.

महिन्यापूर्वी ती गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी संपलं. लेक येऊन राहिली होती, ती रडून मोकळी झाली. मामाला काही होतच नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती, आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. कसला धीर! आत सगळं बधिर झालं होतं.

पिशवी मिळाली. त्याने ती धुऊन टेबलावर ठेवली. मॅडमनी सवयीने ब्लेड पुढे केलं.

"नको. उसवतो."

"मामा, त्याने काय फरक पडतो? पिशवी शेवटी भट्टीतच जायची." तोही नियमच होता. बी चुकूनही बाहेर जायला नको, म्हणून पिशवी, माती, दोरा सगळं जाळायचं.

"काही नाही पडत," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

सरळ टाक्याची बाजू आपल्याकडे घ्यायची, एवढं त्याला आठवत होतं. पण टोक कुठलं? तिने शंभरदा सांगितलं असेल आणि त्याने शंभरदा या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं. त्याने डावीकडचं टोक ओढलं. दोरा अडला. अजून ओढला तर गाठ बसणार आणि मग ब्लेडच हातात घ्यावं लागणार. ही शेवटची पिशवी होती. तिच्या हातचा टाका यानंतर कुठल्याच मातीत नव्हता. तो तसाच बसून राहिला. मॅडम दोनदा आत डोकावून गेल्या.

मग अचानक तिचा वैतागलेला आवाज आठवला. "ज्या हाताने घास घेता ना, त्या बाजूचं टोक. जेवायला बरं विसरत नाही!"

त्याने उजवं टोक धरलं. दोरा सर्रकन सुटला, आणि काळं बारीक बी कागदावर सांडलं. मामाने ते मोजून घेतलं. दोरा आणि पिशवी त्याने स्वतः भट्टीत टाकली. तेव्हाही त्याला काही झालं नाही.

दहा दिवसांनी अकरा कोंब निघाले. "वीस वर्षांनीसुद्धा!" मॅडमना कोण आनंद झाला. मामाने वहीत आकडा लिहिला, हात धुतले आणि घरी आला.

स्वयंपाकघराच्या दारात तो सवयीने थांबला.

"अकरा."

"काय अकरा, बाबा?" लेकीने मान वर केली. ती जमिनीवर बसली होती. पुढ्यात तांदळाचं नवं पोतं आणि हातात सुरी.

पुढचा प्रश्न आला नाही. मामा वाट बघत उभा राहिला. मग बायकोने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याने देऊन टाकलं.

"कापली नाही. उसवली."

लेकीला काहीच कळेना. मग तिने पोत्याच्या तोंडाला सुरी लावली, तसा तो पुढे झाला आणि तिच्याशेजारी गुडघे टेकून बसला. त्याने तिच्या हातातली सुरी काढून घेतली.

"थांब. कापू नकोस. तुझ्या आईने सांगितलंय, टोक कुठलं धरायचं ते."