बरणीवरचा दादरा

मिरजगावच्या हायस्कुलात शास्त्र शिकवणाऱ्या मनकर्णाबाईंनी काचेची बरणी मेणाने घट्ट बंद केली, तेव्हा हेडमास्तर पोट धरून हसले. आत काय, तर तळ्याचं पाणी, शेवाळाचा झुबका आणि टाचणीच्या डोक्याएवढे, टुणटुण उड्या मारणारे पाणकिडे. माणूस चंद्रावर जाऊन आला होता. पुढे महिनोन्‌महिने यानात राहायचं तर हवापाणी आतल्या आतच फिरतं राहायला हवं, म्हणून शास्त्रज्ञ असले बारके जीव बंद भांड्यात घालून यानातून पाठवायच्या खटपटीत होते. हे बाईंनी एका मासिकात वाचलं आणि डोक्यात घेतलं. शेवाळ किड्यांना हवा देईल, किडे शेवाळाला खत देतील, बाहेरचं काही म्हणजे काही लागणार नाही.

"दोन दिवसांत सडेल," हेडमास्तर म्हणाले. "नगरच्या विज्ञान प्रदर्शनाला पुठ्ठ्याचं रॉकेट न्या. गावाला टँकरचं पाणी पुरेना आणि तुम्ही किडे पाळताय!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुष्काळ होता म्हणूनच तर! तेच ते पाणी वापरून जगता येतं, हे दाखवायला याहून चांगलं साल कुठलं? दिवाळीपासून बरणी घरच्या खिडकीत होती. सडणं राहिलं बाजूला, किड्यांना पिल्लं झाली होती.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी त्या शाळेतून घरी आल्या, तर बरणीचं झाकण चुलीपाशी पडलेलं. तोंडावर पांढऱ्या फडक्याचा दादरा, लोणच्याच्या बरणीला बांधतात तसा.

"गुदमरत हुतं गं बिचारं," सासूबाई लंकाबाई कौतुकाने म्हणाल्या. "म्या मेन खरवडून काडलं. आता कसं वारं लागतंय."

मनकर्णाबाईंनी चुलीपाशी पडलेलं झाकण उचललं. रडू आलं, त्याहून संताप आला. पण ओरडायचं तरी कुठल्या तोंडाने? म्हातारी जीव वाचवायलाच गेली होती. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, तसा लंकाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

सकाळी एसटी स्टँडवर हेडमास्तरांनी ऐकलं आणि आवाज खाली आणला. "मेण लावलंय ना परत? मग दिवाळीपासूनची बंद बरणी म्हणा. कोण विचारतंय?"

"कालच बंद केली असंच सांगणार."

"मग दाखवणार काय, कपाळ?"

"बरणीच दाखवणार. हसतात तर हसू देत."

नगरला परीक्षक हसलेच. "एका रात्रीची बरणी! बघू तरी आत काय आहे," म्हणत एकाने झाकणाकडे हात नेला. हट्टाने सोबत आलेल्या लंकाबाईंनी त्याच्या मनगटावर फटकन चापट मारली.

"हात लावू नगा! म्या येकदा लावून बसले. उन्हाळ्यात मिरजगावला या, मंग बगा. तवर ह्ये झाकान निगायचं न्हाई, कलेक्टर आला तरी!"

परीक्षकांनी मनकर्णाबाईंकडे पाहिलं. आता सून सासूला आवरेल, माफी मागेल, असं त्यांना वाटलं असावं.

"ऐकलंत ना?" मनकर्णाबाई म्हणाल्या.