पहिल्या खाचेतली काच

चांदीताईची बोटं बारा महिने काळी. तिचं काम पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये बुरशी शोधायचं. पेशंटच्या अंगातला तुकडा घ्यायचा, त्याचा कागदाहून पातळ काप काचेवर चढवायचा आणि ती काच चांदीच्या द्रावणात गरम करायची. बुरशी असली तर ती काळीकुट्ट होऊन समोर येते. सोबत ताईची बोटंही काळी होतात, आणि नाव पडलं ते त्यावरूनच. हे काम तरी किती नखरेल! भांड्याला साबणाचा अंश राहिला की रुसलं, धातूचा चिमटा बुडवला की वाटोळं, पाच मिनिटं जास्त झाली की अख्खी काच डांबर फासल्यासारखी. ताईच्या हातून मात्र क्वचितच एखादी काच बिघडे, आणि बिघडली की त्या दिवशी तिच्या वाटेला कुणी जात नसे.

तिच्या वरचे मोठे डॉक्टर. त्यांना पाठीमागे सगळे ‘एकनजर’ म्हणत. एकदा बघितलं की झालं. तीच काच पुन्हा बघा असं कुणी सुचवलं, की त्यांना थोबाडीत मारल्यासारखं व्हायचं.

त्या मंगळवारी आलेला तुकडा ताईच्या मावशीच्या यजमानांचा होता. काका घड्याळं दुरुस्त करत. नाकाच्या आत, डोळ्याच्या खोबणीला लागून सूज आलेली. डॉक्टरांनी रोजच्या गुलाबी-जांभळ्या रंगातली काच बघितली आणि वॉर्डला फोनवर सांगूनही टाकलं, “रक्तवाहिन्यांचा दाह आहे, बुरशी नाही. स्टेरॉइड द्या.” पहिलं इंजेक्शन चार वाजता. रिपोर्ट टाइप होऊन सहीसाठी टेबलावर पडलेला.

ताईने तीच काच सकाळी रंग बरोबर बसलाय का म्हणून बघितली होती. मधेच तिला दोन-चार पुसट रेघा दिसल्या, बुरशीच्या धाग्यांसारख्या. बुरशी असताना स्टेरॉइड दिलं म्हणजे बुरशीला रान मोकळं. डोळा जायचा, कदाचित माणूसही. आणि काकांचं सगळं पोट त्या भिंग लावलेल्या डोळ्यावर!

“सर, या तुकड्याला चांदी करून बघू का?”

“कशाला?”

“शंका वाटतेय.”

“तुम्हाला शंका वाटतेय की तुमच्या मावशीला?” डॉक्टर हसले. “नात्यातला पेशंट आला की सगळ्यांनाच डॉक्टर व्हावंसं वाटतं. मी बघितलंय ना? संपलं.”

ताई ‘बरं’ म्हणाली. ती इतक्या साळसूदपणे ‘बरं’ म्हणाली, की तिला ओळखणारा माणूस तिथेच सावध झाला असता.

दुपारी डॉक्टरांनीच मागवलेला चांदीचा एक रंग करायचा होता, दुसऱ्याच कुणाच्या फुप्फुसाचा. अशा वेळी सोबत ‘कंट्रोल’ लागतो, म्हणजे नक्की बुरशी असलेल्या जुन्या तुकड्याची काच. त्यात बुरशी काळी झाली तर रंग चांगला लागला. ही काच ट्रेच्या पहिल्या खाचेत. ताईने दोन काचांच्या जोडीला तिसरी घुसवली, काकांच्या तुकड्याच्या नव्या कापाची. तिघींना चांदीची नीट आंघोळ घातली, पार्श्वभूमीला नेहमीचा हिरवा रंग दिला, आणि काकांची काच पहिल्या खाचेत सरकवून दिली. लेबल अगदी खरं, ठळक अक्षरात. आता साहेब लेबल वाचत नाहीत, यात तिचा काय दोष?

साडेतीनला डॉक्टरांनी पहिली काच सूक्ष्मदर्शकाखाली घेतली.

“वा! काय सुरेख कंट्रोल आहे!” ते खूश झाले. “हिरव्यावर काळे धागे, फांद्या फुटलेले. थेट रक्तवाहिनीत घुसलेत. आंधळ्यालासुद्धा दिसतील.”

“अशा पेशंटला कुणी चुकून स्टेरॉइड दिलं तर हो, सर?” ताईने चेहरा मख्ख ठेवला होता.

“परवाना काढून घ्यावा त्या गाढवाचा!”

“तेवढं लेबल वाचता का, सर?”

डॉक्टरांनी काच काढली, चष्मा कपाळावर सरकवला. लेबलावरचा नंबर वाचला. मग टेबलावरच्या रिपोर्टावरचा वाचला. मग पुन्हा काचेवरचा. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक गोष्ट दोनदा बघितली असेल. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“हे तुम्ही मुद्दाम केलंत.”

“हो, सर.”

“मी आधीच लेबल वाचलं असतं तर?”

“तर तुम्ही ही काच बघितलीच नसती.”

आता आपली नोकरी गेली, असं ताईला वाटलं. जाऊ दे मेली, म्हणून ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. पावणेचार. डॉक्टरांनी फोन ओढला.

“वॉर्ड? चार वाजताचं इंजेक्शन देऊ नका. बुरशी आहे, तिचं औषध ताबडतोब सुरू करायचंय. मी वर येतोय.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “नाही हो, टायपिंगची चूक नाही. माझी आहे.”

ते रिपोर्ट फाडून जिन्याकडे धावले. ताई आतल्या सिंकपाशी गेली, नळ पूर्ण सोडला आणि त्या आवाजात पोटभर रडून घेतलं.