वल्ह्याला कान

आमच्या कार्यालयात समुद्राचे नकाशे तयार होतात. मासे कुठे अंडी घालतात, कासवं कुठे चरायला येतात, अशा जागा शोधायच्या, भोवती रेघ ओढायची आणि वर कळवायचं की बाबांनो, एवढं तरी सोडा. जागा महत्त्वाची ठरायला सात निकष आहेत आणि प्रत्येकापुढे चार घरं: उच्च, मध्यम, कमी, माहिती नाही. आमचे साहेब झोपेतसुद्धा निकषच बरळत असावेत. पाठीमागे आम्ही त्यांना निकषराव म्हणतो.

सतरा वर्षं मी या रेघा ओढते आहे. नव्यांना शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात. पहिल्या दिवशी मी त्यांना एकच गोष्ट सांगते: नाजूक जागा कधीही नेमकी दाखवायची नाही. ऐसपैस रेघ मारायची आणि खरी जागा तिच्यात कुठेतरी कडेला राहू द्यायची. कारण नकाशा कुणीही वाचतो. हे मला तोंडपाठ आहे, म्हणूनच पुढे जे झालं त्याला माझ्याकडे काही सबब नाही.

बाबा मासेमार. त्यांची एक जागा होती. वर्षातून एकदा, अमावस्येच्या आसपासचे चार दिवस, ऊन कलताना तिथे हातभर लांबीचे मासे जमायचे आणि घुमायचे. बाबा इंजिन बंद करायचे, वल्हं पाण्यात उभं धरायचे आणि दांड्याला कान लावायचे. आवाज लाकडातून वर येतो. एकदा त्यांनी मलाही नेलं होतं. परत ती वाट सांगता येणार नाही इतकी मी लहान होते, म्हणूनच नेलं असणार. बंद दारापलीकडे खूप माणसं हळू बोलत असावीत, तसं काहीतरी ऐकू आलं होतं. बाबा त्यांना पाहुणे म्हणत. पाच मासे धरायचे आणि मागे फिरायचं, हा त्यांचा नेम.

जागा त्यांनी कुणालाच सांगितली नाही. आईलाही नाही. "हिच्या पोटात काय राहतंय!" असं ते म्हणायचे आणि आई म्हणायची, "तुमच्या पोटात राहतंय तेवढं पुरे आहे." धाकट्या सख्ख्या भावालाही नाही. काकाकडे मोठी बोट, मोठं जाळं. तो विचारून विचारून थकला आणि शेवटी रुसला. नऊ वर्षं दोघा भावांत "बरा आहेस ना" याच्या पुढे शब्द नव्हता.

मग बंदरातला गाळ उपसून टाकायला जागा हवी झाली आणि आखलेल्या चौकोनात बाबांचं सगळं पाणी आलं. महत्त्वाच्या जागांच्या यादीत जे असेल तेवढं वगळणार होते. मी घरी गेले.

"बाबा, जागा सांगा. यादीत आली की तिथे गाळ टाकता येणार नाही."

"आणि बाकीच्यांना कळलं तर?"

"कसं कळेल? नकाशा मीच काढणार आहे ना."

 विजेच्या बिलाच्या पाठीवर बाबांनी पेन्सिलीनं काढून दिलं: दीपगृह आणि टेकडीतली खाच एका रेषेत, पाण्याची टाकी आणि जुनी चिमणी दुसऱ्या रेषेत, आणि दोन रेषा मिळतात तिथे एक ठिपका. "आजवर डोक्यात होतं," ते म्हणाले, "आता तू सांभाळ."

त्या मोसमात मी त्यांच्याबरोबर जाऊन पाण्यात माइक सोडला आणि पाहुण्यांचा आवाज भरून आणला. नकाशावर रेघ मारली ती शिकवते तशीच, ऐसपैस. निकषरावांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"आवाज एका ठिकाणचा आणि रेघ एवढी मोठी? बाकीच्या पाण्याचा पुरावा कुठाय? मध्यम."

मध्यम म्हणजे जागा हातची गेली. मी टेबलाशी परत आले आणि रेघ आवळत गेले, आवळत गेले. शेवटी बाबांच्या ठिपक्याभोवती नखाएवढं वर्तुळ उरलं. सातांपैकी पाच निकषांवर उच्च! मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? सतरा वर्षांत इतकी नेटकी जागा मी काढली नव्हती. त्या आनंदात माझी अक्कल गहाण पडली होती.

मसुदा नकाशा हरकतींसाठी दोन महिने सगळ्यांना खुला झाला. गाळ दुसरीकडे गेला. मासेमारीवर बंदी यायला मात्र अजून दोन कागदांवर सह्या बाकी होत्या. आणि त्याच दोन महिन्यांत पुढच्या वर्षीचे पाहुणे आले.

पाचव्या दिवशी काका घरी आला. नऊ वर्षांनी, हसत. एका हातात मोबाइल, त्यावर माझा नकाशा, आणि दुसऱ्या हातात भला मोठा मासा.

"दादा, तू नाही तोंड उघडलंस! पण पोरगी बघ, सरळ चित्रच काढून दिलं. अकरा बोटी होतो आम्ही. चार दिवस जाळी ओढवेनात. हा तुझ्यासाठी आणला, म्हटलं झालं गेलं विसरू."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच मला सोसवेना. माशाचं पोट अंड्यांनी तट्ट फुगलेलं होतं. बाबा त्याकडे बघत बसले. आई दारात उभी राहून हळूच म्हणाली, "हा कुठे ठेवू?"  बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वर्षभरानं फेरतपासणी आली. मासे आढळले नाहीत तर जागा यादीतून जाणार आणि गाळ पुन्हा तिथेच येणार. मी बाबांना विचारलं नव्हतं, पण त्या दिवशी धक्क्यावर गेले तर ते आधीच बोटीत बसलेले.

तीन दिवस काहीच ऐकू आलं नाही. चौथ्या दिवशी ऊन कललं तसं बाबांनी इंजिन बंद केलं, वल्हं उभं धरलं, दांड्याला कान लावला आणि डोळे मिटले. मी हेडफोन चढवून माइक खाली सोडला. पाणी बोटीला लागत होतं, तेवढाच आवाज.

"आहेत," बाबा म्हणाले.

मी आवाज पूर्ण वाढवला. काही नव्हतं.

"बाबा..."

"आहेत म्हणतो ना! लांब आहेत, पण आहेत. लिही तू."

पाण्याबद्दल बाबा आजवर माझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते.  माझा माइक त्यांच्या वल्ह्यापेक्षा कितीतरी लांबचं ऐकतो, हे त्यांना ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं, मोठ्या ऐटीत. त्यांना माझी चूक पोटात घालायची होती आणि त्यासाठी त्यांच्याकडे एवढं एकच उरलं होतं. 

फॉर्मला ध्वनिमुद्रण जोडावं लागतं, कुणाचा शब्द चालत नाही. मी अर्धा तास रिकामं पाणी भरून घेतलं. मग फॉर्म मांडीवर घेतला आणि एकेका निकषापुढे खूण करत गेले: कमी, कमी, कमी.

"लिहिलंस?" बाबांनी विचारलं. कान अजून दांड्यालाच होता.

"लिहिलं. आहेत म्हणून," मी म्हणाले आणि त्यांना दिसू नये म्हणून कागद उलटा धरला.